फोटोसारखे केस

२ मार्च, सोमवार

जुळत नाही म्हणे!

पासपोर्टच्या कचेरीत काचेपलीकडच्या कारकुनाने फोटो बघितला. मग मला बघितलं. मग पुन्हा फोटो. त्याची नजर माझ्या कपाळापाशी आली, तिथे रेंगाळली, परत फोटोवर गेली. असं तीनदा. मग त्याने एक छापील चिठ्ठी ओढली आणि एका चौकोनात फुली मारली. 'छायाचित्र व व्यक्ती जुळत नाही. फेरतपासणी: २४ मार्च.'

मी काही विचारलं नाही. मागे रांग होती. आणि विचारणार काय — साहेब, नेमकं कुठे जुळत नाही? सगळ्यांच्या देखत सांगितलं असतं त्याने.

कुठे जुळत नाही ते मला माहीत आहे. फोटोतल्या बाईला केस आहेत.

३ मार्च

लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल. डोक्यावर आता फारसं काही उरलेलं नाही. निदान आत तरी बरं चालावं.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. एकतीस वर्षं झाली. फोटो मी काढते, रिटचिंग मालक करतात. मालक म्हणजे माझा नवरा. गिऱ्हाइकं त्यांना मालक म्हणतात, म्हणून मीही म्हणते. कारभार सगळा माझ्याकडे. पूर्वी ते निगेटिव्हवर पेन्सिलीने काम करायचे. सुरकुत्या, मुरुमांचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. आता तेच कॉम्प्युटरवर. माणूस जसाच्या तसा त्यांच्या हातून कधी सुटलेला नाही. पासपोर्टच्या फोटोला हात लावायचा नाही असा नियम आहे. तशी पाटी आमच्याच भिंतीवर आहे. मालकांनीच रंगवली आहे ती, सुंदर अक्षरात.

दोन वर्षांत त्यांची नजर उतरत गेली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने काही होणार नाही, आहे ते जपा. मालकांनी एकेक काम सोडलं. आधी लग्नाचे अल्बम, मग जुन्या फोटोंची दुरुस्ती. जानेवारीत माझा फोटो मात्र हट्टाने स्वतः काढला, स्वतः पुरा केला. दोन दिवस भिंग घेऊन, पडद्याला नाक लावून बसले होते. "हे आपलं शेवटचं काम," म्हणाले. हसत म्हणाले.

मी फोटो धड पाहिलासुद्धा नाही. फॉर्म भरला — नाव, जन्मतारीख, उंची, ओळखीची खूण, सगळं जुन्या पासपोर्टावरून उतरवलं — फोटो डकवला आणि पाठवून दिला.

काल घरी येऊन नीट पाहिला. भांगाच्या दोन्ही बाजूंना केस कसे उठून बसलेत! दाट, भरदार. मी तिशीत होते तेव्हा होते तसे. आता माझा भांग म्हणजे भांग राहिलेला नाही, मैदान झालंय.

मालकांना मी अशी दिसते? की दिसतच नाही, म्हणून आठवणीतून भरले? की सगळं दिसतं, आणि कीव आली?

तिन्हींतलं काहीही असो, "तुमचं शेवटचं काम नापास झालं" हे त्यांना मी सांगणार नाही.

४ मार्च

नवा फोटो द्यायचा तर अर्ज नवा. नव्या अर्जाला आठ आठवडे. लेकीच्या बाळंतपणाला सात आठवडे राहिलेत.

ती समुद्रापलीकडे. मागच्या वेळी मी गेले नाही. लग्नाचा हंगाम होता, दुकान सोडून कशी जाऊ म्हटलं. सातव्या महिन्यात सगळं संपलं. तिचा हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी एका नवरीला हनुवटी जरा खाली घ्यायला सांगत होते.

काल तिने विचारलं, "आई, या वेळी नक्की ना?"

"नक्की."

तेव्हा फोटो बदलता येत नसेल तर डोकं बदलायचं. वीस दिवस आहेत.

५ मार्च

ताईला सांगणं भाग होतं. माझी थोरली बहीण, त्रेसष्ट वर्षांची, वेणी अजून मनगटाएवढी. दोन गल्ल्या सोडून राहते आणि रोज येऊन ती वेणी पाठीवरून पुढे घेते, पुढून मागे टाकते.

"अगं, भांग बदल आधी. तीस वर्षं एकाच वाटेने चाललीस तर रस्ता रुंद होणारच."

"तुला काय जातंय बोलायला! तुझ्याकडे जंगल आहे."

"आणि ते तेल चोपडणं बंद कर. पाण्यात पडलेल्या मांजरीसारखी दिसतेस."

"मालकांना बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? त्यांना डोळे आहेत."

मग आपणच जीभ चावली.

६ मार्च

भांग डावीकडचा उजवीकडे नेला. सकाळी नऊ वाजता. दुपारी दोनपर्यंत एकेक करून सगळे केस जुन्या जागी परत! इतकी निष्ठा मी माणसांत पाहिलेली नाही. संख्या मात्र कमी.

८ मार्च, रविवार

रोलर आणले. मोठे, सहा. ओल्या केसांना गुंडाळायचे आणि वाळेपर्यंत ठेवायचे. मुळं उचलली जातात म्हणे.

पाच झाल्यावर केस संपले. सहावा नुसता हातात! तो आता गल्ल्यावर ठेवलाय, पेनं खोचायला.

तेवढ्यात मालक स्वयंपाकघराच्या दारात. मी डोक्यावर पाच नळकांडी घेऊन उभी.

"काय करतेस?"

"कपडे वाळत घालतेय."

हे का सुचलं मला कोण जाणे. हातात एकही कपडा नव्हता. ते मान डोलवून निघून गेले. दिसलं की नाही दिसलं? नजर माझ्या डोक्याच्या रोखाने होती खरी. पण त्यांची नजर हल्ली सगळ्याच गोष्टींच्या आसपास असते.

९ मार्च

मान खाली लोंबकळत ठेवून केस वाळवले. चक्कर आली. केसांना काही झालं नाही.

११ मार्च

समोरच्या सलूनवालीकडे गेले. तिच्या नवऱ्या नटून आमच्याकडे फोटोला येतात, त्यामुळे ओळख जुनी. मी तिच्या खुर्चीत मात्र सहा वर्षांनी बसले.

"काकू, लांब ठेवलेत ना, म्हणून चपटे बसतात. आपल्याच वजनाने खाली ओढले जातात. खांद्याशी आणू, थर देऊ, मग बघा कसे उडतात."

"उडायला नकोत. उभे राहायला हवेत. चोवीस तारखेला, पाच मिनिटं."

तिला फोटो दाखवला. खूप वेळ बघत राहिली.

"मालकांनी केलं हे? काकू, हे त्यांना डोक्यावर करता आलं असतं ना, तर माझं दुकान बंद पडलं असतं." मग फोटो जवळ घेऊन म्हणाली, "पण चेहऱ्यात काहीतरी वेगळं वाटतंय हो. काय ते सांगता येत नाही."

"केस," मी म्हटलं.

"हां. केसच असतील."

चार बोटं कापले. खाली फरशीवर पडलेले बघितले तर चांगला ढीग! एवढे केस माझ्या डोक्यावर होते तेव्हा कुठे लपून बसायचे?

तिने उलटा कंगवा शिकवला. बट वर धरायची, कंगवा टोकाकडून मुळाकडे दाबत न्यायचा, आत गुंता होतो, त्यावर वरून साधे केस पसरायचे आणि फवारा मारायचा. म्हणजे आत पसारा आणि वर शिस्त. आमच्या घरासारखं.

१३ मार्च

उलट्या कंगव्याचा पहिला दिवस. पक्ष्याने अर्ध्यात सोडून दिलेल्या घरट्यासारखं दिसत होतं. तशीच दुकानात गेले. पेन्शनच्या फोटोसाठी एक आजोबा आले होते. मी म्हटलं, "मान सरळ ठेवा." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाहेर वारा सुटलाय का हो?"

संध्याकाळी मालक म्हणाले, "हल्ली तुला कसला तरी वास येतो."

"फवारा मारला. डासांचा."

"गेले का?"

"कोण?"

"डास."

"सगळे गेले."

"छान," म्हणाले आणि रेडिओ लावला. मला उगीचच वाटलं की ते हसले. पण ते भिंतीकडे तोंड करून होते.

१५ मार्च, रविवार

ताई एक जुनी पिशवी घेऊन आली. आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वेणी काढली. काळीभोर, हातभर लांब.

"गंगावन. आईचं."

"आईला गंगावन होतं?"

"मग तुला काय वाटलं, ते सगळं तिचं होतं?"

हो! मला तसंच वाटलं होतं. अठ्ठावन्न वर्षं तसंच वाटत होतं. आई माझी वेणी घालताना दर वेळी सुस्कारा टाकायची — "माझे केस हिच्यात आलेच नाहीत, थोरलीनेच घेतले सगळे." म्हणजे मी जन्मभर स्वतःला एका विकत आणलेल्या वेणीशी ताडून बघत आले!

ताई ती माझ्या डोक्याला लावून बघत होती. मी म्हटलं, काही उपयोग नाही. माझी अडचण गच्चीची आहे, जिन्याची नाही.

दोघी हसलो. मग ताईने ती वेणी पुन्हा त्याच कागदात गुंडाळली, फार हळू, झोपलेल्या बाळाला गुंडाळावं तशी.

१७ मार्च

डबीतली काळी भुकटी. टाळूवर शिंपडायची, केसांना चिकटते आणि केस असल्याचा भास होतो. जाहिरातीत बाई वळून वळून हसत होती. मी लावली, आरशात पाहिलं — खरंच बरी दिसत होते! तरातरा दुकानात गेले.

पण स्टुडिओच्या दिव्यांखाली घाम येतो, हे एकतीस वर्षं स्टुडिओत काढलेल्या बाईच्या लक्षात राहू नये? एका कुटुंबाचा फोटो काढत होते. "इकडे बघ बाळा, इकडे!" म्हणून कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं तर बाळाने एक किंकाळी फोडली. काळे ओघळ. कपाळावरून, भुवयांवरून, नाकावर.

साबणाने घासघासून धुतलं. डाव्या भुवईवरची जुनी खोक लालभडक झाली. ती आहे हेसुद्धा मी विसरून गेले होते. आरशात मी भुवयांच्या वरच बघते हल्ली.

कुटुंबाचा फोटो चांगला आला. बाळ सोडून.

१९ मार्च

लेकीचा फोन, चेहरा दिसणारा. "आई! केस काय केलेस? मस्त दिसतंय!" मग म्हणाली, "आजीसारखी दिसतेस." आजीबद्दल नंतर सांगेन, समोरासमोर.

डॉक्टर तिला म्हणाले, बाळ खाली सरकलंय, आठवडाभर आधीही होऊ शकतं. तिने हे हसत सांगितलं. हसताना पोटावरचा हात काढला नाही. मागच्या वेळीही ती सगळं हसत सांगायची.

चोवीसला नाही जमलं तर?

फोन ठेवल्यावर मालकांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"बरी आहे. माझे केस छान दिसतात म्हणाली." बोलून गेले आणि जीभ चावली.

"आहेतच," ते म्हणाले.

२२ मार्च, रविवार

रंगीत तालीम. रोलर, मग उलटा कंगवा, मग भुकटी — चिमूटभरच — मग फवारा. पाऊण तास. आरशाच्या कडेला फोटो खोचला आणि दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं. समोरून तरी जुळतं. फोटोतल्या बाईची एक घाबरलेली बहीण वाटावी इतपत.

ताईने माझ्याभोवती फेरी मारली. "जमलंय. फक्त वाऱ्याला जाऊ नकोस, मान हलवू नकोस आणि हसू नकोस."

"श्वास?"

"बेताने."

२४ मार्च, मंगळवार

टॅक्सी केली. काचा बंद. ड्रायव्हर म्हणाला, बाई, उकडतंय, उघडा की. मी म्हटलं, मला वारा बाधतो. डोक्यावर भरलेली घागर असावी तशी बसून गेले.

आत या वेळी काच नव्हती, खोली होती. टेबलामागे एक बाई, माझ्याच वयाची. अधिकारी. तिने फोटो उचलला, मला बघितलं. मी श्वास धरला.

"खूण कुठाय?" तिने विचारलं.

"कसली खूण?"

"तुम्हीच लिहिलंय फॉर्मात. ओळखीची खूण — डाव्या भुवईवर जखमेचा व्रण. तुमच्या भुवईवर आहे. फोटोत नाही."

तिने फोटो माझ्याकडे फिरवला. मी बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा केसांच्या खाली बघितलं. भुवई सलग. गुळगुळीत. जणू तिथे कधी काही झालंच नाही.

"आणि केस?" माझ्या तोंडून गेलं.

"केसांचं काय?"

"ते जुळतात का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो, केस कोण बघतं? केस रोज बदलतात. आज आहेत, उद्या नाहीत." आणि तिचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर गेला. तिथेही फार काही नव्हतं. रबराने मागे घट्ट बांधून टाकलेलं होतं आणि ती आपल्या कामाला लागलेली होती.

"जुन्या पासपोर्टातही नसणार ही खूण," मी म्हटलं.

"तेव्हा कुणी बघितलं नसेल. आता बघतात. तुम्ही फोटोवाले ना? मग हे पुसलं कोणी?"

"सवयीने झालं असेल."

"उद्या अकराच्या आत खूण असलेला फोटो आणून द्या. अर्ज हाच चालेल. आणि बाई — काही पुसू नका."

वीस दिवस! तो कारकून बिचारा माझ्या भुवईकडे बघत होता. एक शब्द विचारला असता तर पाच मिनिटांत मिटलं असतं. पण मला इतकी खात्री होती. ज्याला जे सलतं, त्याला तेच सगळीकडे दिसतं, दुसरं काय.

घरी चालत आले. वारा होता. जाऊ दे म्हटलं, ने काय न्यायचं ते.

तोच दिवस, संध्याकाळ

आधी अल्बम काढले. सगळे. लेकीचं बारसं, तिची शाळा, तिचं लग्न, दुकानाची पंचवीस वर्षं. मी जिथे जिथे आहे तिथे भुवई बघितली. एकाही फोटोत खोक नाही. एकतीस वर्षांत एकाही! आणि मला कळलं नाही. फोटो हातात आला की मी आधी केस बघते.

ती खोक दुकानाच्या पहिल्या वर्षातली. पडद्यामागे एक दिवा असतो, मागून उजेड टाकणारा, केसांची कड उजळते त्याने. त्याच्या स्टँडचा स्क्रू मालकांनी नीट आवळला नव्हता. मी पडदा सरळ करत होते, स्टँड आला तो माझ्यावरच. चार टाके. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. ते कधी "चुकलं" म्हणाले नाहीत, मी कधी "दुखलं" म्हणाले नाही. त्या वेळी दुकान नवीन होतं, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं होती.

चहा घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"अहो, माझ्या भुवईवरची खूण पुसलीत तुम्ही."

कप खाली ठेवला त्यांनी. बशी शोधायला एक क्षण लागला. "हात जातो तिकडे."

"दिसते तुम्हाला?"

"ती जागा बघायला लागत नाही."

मग बशी जवळ ओढत: "त्यावरून अडलं का काही?"

"अडलं होतं. सुटलं." मग मी सगळं सांगितलं. कारकून, चिठ्ठी, सहावा रोलर, भुकटी, रडणारं बाळ, आईचं गंगावन. ते हसले. किती दिवसांनी! खोकला येईपर्यंत हसले. "म्हणजे डास नव्हतेच," म्हणाले.

"मला वाटलं केसांमुळेच अडलं. एवढे केस कशाला भरलेत माझ्या डोक्यावर?"

हसू थांबलं. "केस? केसांना मी हात नाही लावला."

"मग ते कुठून आले?"

"मागचा दिवा चालू राहिला असेल. मागून उजेड आला की कुणाचेही केस भरलेले दिसतात. हे तुला मी सांगायचं?"

"मग दोन दिवस भिंग घेऊन काय करत होतात?"

"एक भुवई. आता एवढाच वेग आहे."

झालं! म्हणजे वीस दिवस मी एका दिव्याची बरोबरी करत होते. तीन तारखेला मोठ्या ऐटीत तीन शक्यता लिहून ठेवल्या आहेत — आठवण, नजर, कीव. चौथी सुचलीच नाही. बंद करायचा राहिलेला दिवा!

थोडं वाईट वाटलं. या वहीत तरी खोटं कशाला लिहू? थोडं नाही.

२५ मार्च

सकाळी केस धुतले. भुकटी, फवारा, गुंता, सगळं गेलं. भांग आपल्या जुन्या जागी, रुंदच्या रुंद. स्टुलावर बसले.

मालक म्हणाले, मी काढतो. मी बसल्या जागेवरून सांगत गेले — डावीकडे, जरा खाली, आता ठीक.

"आणि मागचा दिवा बंद करा आधी."

"हो, हो." चाचपडत पडद्यामागे गेले. टक् — बटणाचा आवाज. "केला." समोरच्या दोन दिव्यांनी डोळे इतके दिपतात की मागे काय आहे, काय नाही, बसलेल्याला कळत नाही. फोटो काढला.

कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. मी. कान, टाळू, खोक, सगळं जागच्या जागी. मालक शेजारी बसले होते. त्यांचा हात माउसवर गेला. मी त्यावर हात ठेवला.

"नाही करत काही," ते म्हणाले. "फक्त सांग, फार मोठी दिसते का?"

"अर्ध्या भुवईएवढी."

"मला मोठी वाटायची."

दहा चाळीसला फोटो दिला. अधिकारी बाईने भुवई बघितली, शिक्का मारला. केसांकडे ढुंकूनही बघितलं नाही. जरा रागच आला!

८ एप्रिल

पासपोर्ट आला. तिकीट अकरा तारखेचं. लेक म्हणाली, बाळाला सांगितलंय, आजी येईपर्यंत थांब. ताई मालकांजवळ राहायला येणार. म्हणाली, "केसांची काळजी करू नकोस. तिथे तुला ओळखतंय कोण?"

१० एप्रिल

दुकान महिनाभर बंद राहणार. सगळ्या दिव्यांचे प्लग काढत पडद्यामागे गेले. मागच्या दिव्याला बल्बच नाही. गेल्या वर्षी दुकानाच्या पाटीवरचा उडाला तेव्हा मीच हा काढून तिथे लावला होता. अजून तिथेच जळतोय. इथे रिकाम्या होल्डरमध्ये कोळ्याने जाळं केलंय.

कॉम्प्युटर लावला. जानेवारीचा फोटो उघडला. मोठा केला, आणखी मोठा. भांगाच्या दोन्ही बाजूंना एकेक केस वेगळा काढलेला. काही ठिकाणी हात थरथरलाय.

बाहेरून मालकांचा आवाज आला. "मागचा दिवा बंद केलास का गं?"

"केला," मी म्हटलं.